पाय धुऊ नका

४ फेब्रुवारी

आई,

फोन तुम्ही उचलत नाही. मेसेज न उघडताच पुसून टाकता, असं ताई म्हणाल्या. म्हणून कागद. फेकायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो, आणि हातात आलेलं काही न वाचता फेकणं तुमच्या स्वभावात नाही. गोळ्यांच्या पाकिटावरचं मुंगीएवढं अक्षरसुद्धा तुम्ही भिंग लावून वाचता.

काल ताईंचा फोन आला. तुमचा मुलगा बाल्कनीत जाऊन बोलला आणि परत आला तो पडलेल्या चेहऱ्यानेच. सर्जन म्हणाले म्हणे की बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यातले जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत, एप्रिलअखेरपर्यंत फरक पडला नाही तर मांडीतून पाय काढावा लागेल. तो नुसता बसून राहिला. मी मात्र उठून उभी राहिले. अहो, माझ्याकडे उपाय असू शकतो! नक्की आहे असं म्हणत नाही, पण असू शकतो. हे कळल्यापासून माझं एका जागी बूड टेकत नाहीये.

नीट ऐका. आमच्या सांडपाणी केंद्रावर शहराचं सगळं पाणी येतं. त्यात जसे जंतू असतात तसे त्या जंतूंना खाणारे विषाणूही असतात. त्यांना फेज म्हणतात. एक फेज साधारण एकाच जातीच्या जंतूला खातो, माणसाच्या पेशीला हात लावत नाही. प्लेटमधल्या जेलीवर जंतूंची साय धरली आणि त्यावर योग्य फेज सोडला, की दुसऱ्या दिवशी त्या सायीला भोकं पडलेली दिसतात. ती भोकं बघून मी पहिल्यांदा खुर्चीवरून उडाले होते, हे तुम्हाला जेवताना सांगायला गेले आणि तुम्ही ताट सरकवून उठलात. असो. जिथे अँटिबायोटिकचं काही चालत नाही, तिथे असे फेज देऊन पाहण्याचं काम आता ठिकठिकाणी चाललं आहे, आणि आमच्या प्रयोगशाळेला त्यासाठी फेज शोधण्याची परवानगी मिळाली आहे. आमच्या मोठ्या मॅडम कालच तुमच्या सर्जनशी बोलल्या. ते तयार आहेत.

अडचण एकच. तुमच्या गुडघ्यातला नेमका जंतू आम्हाला जिवंत हवा. इस्पितळाने जुना नमुना ठेवलेलाच नाही. तेव्हा ड्रेसिंगला घरी येणारी नर्स स्वॅब घेईल, तो आमच्याकडे येईल. तुम्ही फक्त नाही म्हणू नका.

आणि हो, विषय निघालाच आहे म्हणून सांगते. फ्रिजमधली ती बाटली सांडपाण्याची नव्हती. ते आमच्या केंद्रातून शुद्ध होऊन बाहेर पडलेलं पाणी होतं, वर तीन पिशव्या होत्या आणि मोठं लाल लेबल होतं. त्यावरून बॅग भरून लेकीकडे, ताईंकडे, निघून जायची काही गरज नव्हती. दोन वर्षं झाली, माझं मत बदललेलं नाही. तुमचंही बदललं नसणार. भांडण राहू दे तसंच, पाय वाचवू या.

तुमची सून


२० फेब्रुवारी

आई,

पाकिटावर तुम्ही जंतुनाशकाचा बोळा फिरवलात आणि मग पत्र उघडलंत, असं ताईंकडून कळलं. हसून हसून माझी पुरेवाट झाली. पण वाचलंत, आणि स्वॅबला हो म्हणालात. ताईंनी निरोप दिला, "आई म्हणते, करायचं ते करा म्हणावं." माझ्या दृष्टीने ही फुलं उधळल्यासारखीच गोष्ट आहे.

आता बातमी. चांगली नाही, पण हातपाय गाळण्यासारखीही नाही. पहिल्या स्वॅबची प्लेट कोरी आली. काहीच उगवलं नाही. मॅडम म्हणाल्या, अँटिबायोटिक चालू असल्यामुळे जंतू दबले असतील. सर्जननी औषध थांबवलं. दुसरा स्वॅब आला, बर्फाच्या डब्यात, वेळेत, व्यवस्थित. तोही कोरा!

ताईंना वाटलं, जंतू गेलेच. त्यांनी आनंदाने तुमच्या मुलाला फोन केला. मी दोघांच्या आनंदावर विरजण घातलं, त्याबद्दल तो अजून माझ्यावर फुगून बसलाय. पण मी विचारलं, पू येतोय का? तर येतोय. ताप? संध्याकाळी येतो. मग जंतू गेले कुठे, गावाला? आहेत तिथेच ते. गुडघ्याच्या धातूवर बुळबुळीत थर करून आत आरामात बसलेत. आम्हालाच सापडत नाहीत.

इकडे माझी तयारी मात्र जोरात आहे. वेगवेगळ्या भागांतल्या सांडपाण्याचे नमुने गाळून, लेबलं लावून ओळीने उभे केलेत. म्हणजे पाहुण्यांसाठी पानं मांडून झाली आहेत आणि पाहुण्यांचाच पत्ता नाही. तिसरा स्वॅब पुढच्या आठवड्यात घेणार आहेत. त्याला नाही म्हणू नका.

तुमची सून


११ मार्च

आई!

सापडला! जंतू नाही, गुन्हेगार. आणि तो गुन्हेगार तुम्ही आहात!

तिसरी प्लेटही कोरी आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, आता सोडून देऊ, दुसऱ्या रुग्णाकडे वळू. घरी आले आणि ताईंना फोन लावला, उगाच, काय बोलायचं तेही ठरलेलं नव्हतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आईची कमाल आहे बाई. नर्स अकराला येणार, तर ही सकाळी सातपासून बाथरूममध्ये. जखम अशी लख्ख करून ठेवते की नर्सच म्हणाली, आजी, मला कामच ठेवत नाही तुम्ही."

मी विचारलं, "कशाने लख्ख?"

"कशाने म्हणजे? त्या लाल औषधाने. आत बोळा घालून घालून. म्हणते, परक्या माणसासमोर घाण जखम उघडी टाकायची मला लाज वाटते."

आई, मी फोन ठेवला. मग इतकी हसले की तुमचा मुलगा धावत आला. मग रडू आलं. मग तुमचा असा राग आला म्हणून सांगू! अहो, आम्ही चार माणसं इथे महिनाभर डोकं धरून बसलोय, औषधाला दोष देतोय, बर्फाला दोष देतोय, कुरिअरवाल्याशी भांडतोय, आणि तुम्ही तिथे स्वॅब घ्यायच्या आधी सगळे जंतू मारून मोकळ्या! भांडी घासणारी बाई यायच्या आधी भांडी विसळून ठेवायच्या तुम्ही. "तिने म्हणू नये की या घरात घाण आहे." मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तुम्ही ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय भल्याभल्या डॉक्टरांना तुम्ही टेबलापाशी फिरकू दिलं नाहीत. मी तुम्हाला स्वच्छता काय शिकवणार? पण आई, यावेळी मला घाणच पाठवा. हात जोडते. पुढच्या स्वॅबच्या आधी दोन दिवस जखमेला जंतुनाशक लावू नका. नुसतं साधं ड्रेसिंग, सर्जनना विचारून. वास येऊ दे. नर्सने नाक मुरडलं तर मुरडू दे. लाज वाटली तर माझ्या नावाने बोटं मोडा, तसाही तुमचा हात त्यात बसलेला आहे.

मॅडमकडून मी एकच संधी मागून घेतली आहे. एप्रिलअखेर काही लांब नाही. तुमचा पाय आहे, आई. आणि खरं सांगू? मी तुमच्याशी भांडू शकते, तुमच्याशिवाय राहू शकते, पण तुम्हाला खुर्चीत बसून कुणाच्या तरी हातून पाणी मागताना बघू शकणार नाही. तुम्ही कुणाकडे पाणी मागितलेलं मी कधी पाहिलेलंच नाही.

पाय धुऊ नका. एवढं ऐका.

तुमची सून


१९ मार्च

आई,

काय वास होता! अप्रतिम!

डबा उघडला तर आमच्या सांडपाण्यातल्या माणसांनीसुद्धा मागे वळून पाहिलं. आणि आज सकाळी प्लेट काढते, तर कडेपासून कडेपर्यंत पिवळसर साय. भरगच्च. मी किंचाळले. मॅडम धावत आल्या, त्यांना वाटलं काहीतरी सांडलं. मी प्लेट त्यांच्या नाकापुढे नाचवली आणि म्हटलं, "या आमच्या सासूबाई!" त्यांनी प्लेट उजेडात धरली आणि म्हणाल्या, "सासूबाई जोरात आहेत."

ताई सांगत होत्या की ते दोन दिवस तुम्ही खोलीचं दार लावून घेतलं होतंत. कुणाला आत येऊ दिलं नाहीत, नातीलासुद्धा नाही. नर्स आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात. ते ऐकलं आणि मघाचं माझं नाचणं मलाच कसंतरी वाटलं. तुम्हाला ते किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. थोडी तरी आहे.

आता खरा शोध. तुमच्या जंतूला खाणारा गडी शोधायचा.

तुमची सून


६ एप्रिल

आई,

आज जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास गिळवणार नाही.

गेले दोन आठवडे मी शहरभरचं सांडपाणी तुमच्या जंतूवर सोडत होते. बाजाराचं, शाळेचं, वसाहतींचं, नदीकाठचं. एकानेही भोक पाडलं नाही. साय जशीच्या तशी. तुमचा जंतू तुमच्यासारखाच, कुणाला म्हणून दाद देत नाही. तुमच्या मुलाने रोज संध्याकाळी विचारायचं, "काय?" आणि मी मान हलवायची. शेवटी त्याने विचारणं सोडलं.

मॅडम म्हणाल्या, असे हट्टी जंतू इस्पितळात पोसले जातात, तर त्यांना खाणाराही इस्पितळाच्या गटारातच मिळेल. पण क्लोरीन पडायच्या आधीचं पाणी हवं. क्लोरीन पडलं की फेजही मेले. म्हणजे इस्पितळाच्या आवारातलं, आतलं झाकण उघडायला लागणार. मी सरळ तुमच्या जुन्या इस्पितळात गेले. सही-शिक्क्याचं पत्र होतं माझ्याकडे. पण मागच्या फाटकावरचे सुपरवायझर ऐकेनात. "आमच्या गटारात काय शोधताय? उद्या पेपरात छापाल, इस्पितळात रोगराई म्हणून. साहेब रजेवर आहेत, पुढच्या सोमवारी या."

मी समजावलं, विनवलं, आवाजही चढवला. ते ढिम्म हलले नाहीत. खुर्ची फिरवून बसले माझ्याकडे पाठ करून.

तेव्हा मी, काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, "थिएटरच्या मोठ्या सिस्टर माहीत आहेत का? निवृत्त झालेल्या? त्यांच्यासाठी हवंय. मी त्यांची सून."

खुर्ची गर्रकन फिरली. "कोण? त्या... चपला बाहेर काढायला लावायच्या त्या?"

"त्याच."

ते उभेच राहिले हो! "मला एकदा त्यांनी थिएटरच्या दारातून हाकललं होतं. मळका टॉवेल खांद्यावर होता म्हणून. सगळ्यांसमोर. आठ दिवस मी त्यांच्या नावाने खडे फोडत होतो. मग माझ्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं. त्या टाके काढेपर्यंत रोज येऊन स्वतः बघून जायच्या. त्यांना काय झालं?"

मी सांगितलं. पाय काढायचं म्हणतात, हेही सांगितलं. त्यांनी किल्ल्या उचलल्या, पहार घेतली आणि म्हणाले, "साहेबांना मी फोन करतो. तुम्ही बाटल्या काढा." साहेबांनी फोनवरच परवानगी दिली, आणि झाकण त्यांनी स्वतः उघडलं. वॉर्डाकडचं, थिएटरकडचं, धुलाईघराकडचं. मी हातमोजे घालून दोरीने बाटल्या सोडत होते आणि ते बाजूला उभं राहून मला बजावत होते, "नीट घ्या, मॅडम, काठाला लागू देऊ नका. सिस्टरना चालणार नाही."

आई, दहा वर्षं मी तुमची सून आहे आणि आज पहिल्यांदा ते बाहेर कुणाला तरी छाती फुगवून सांगितलं. बरं वाटलं. खूपच बरं वाटलं.

बाटल्या गाळून प्लेटवर सोडल्या आहेत. आता वाट बघायची.

तुमची सून


७ एप्रिल

आई,

भोकं!! थिएटरकडच्या बाटलीच्या प्लेटवर! गोल, स्वच्छ, चाळणीसारखी!

घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या. मॅडम माझ्या गळ्यात पडल्या. तुमच्या मुलाला फोन केला तर तो नुसता नाक ओढत राहिला. सर्जनना कळवलंय, त्यांनी एप्रिलअखेरची तारीख पुढे ढकलली. ढकलली, आई!

तुमची सून


२ मे

आई,

ताईंकडून तुमचा निरोप मिळाला. "आई विचारते, ते उकळलंय का?"

नाही, आई, उकळलेलं नाही. उकळलं तर फेज मरतील आणि मी तुम्हाला नुसतं कोमट पाणी पाठवल्यासारखं होईल. पण तुम्ही विचारलंत ते बरोबरच आहे, दुसऱ्या कुणी विचारलं नसतं तर मी विचारलं असतं. म्हणून सगळं सांगते. गटाराचं पाणी तुमच्या अंगात जाणार नाहीये. त्या पाण्यातून एकच फेज वेगळा काढला, तो पुन्हा पुन्हा वेगळा करून वाढवला. जंतूंचा एक कणही पुढे जाणार नाही अशा बारीक गाळणीतून काढला. मेलेल्या जंतूंचं विष उरतं, ताप आणणारं, तेही काढून टाकलं आणि दुसऱ्या प्रयोगशाळेकडून तपासून घेतलं. ज्या खोलीत हे झालं तिथे तुम्हीसुद्धा बोट दाखवू शकणार नाही. मी रोज कोपरापर्यंत हात धुऊन आत जात होते. कुणाकडे बघून शिकले, ते तुम्हाला माहीत आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण तुम्हाला गोड बोलणारी माणसं आवडत नाहीत. हे चालेलच असं नाही. कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही. सर्जन गुडघा उघडून आतून धुतील, नळीवाटे काही दिवस फेज सोडतील, जोडीला अँटिबायोटिक असेलच. थंडी वाजून ताप येऊ शकतो. आणि एवढं करून पाय वाचला तरी गुडघा पूर्वीसारखा वाकेल असं कुणीही सांगितलेलं नाही. इस्पितळाच्या समितीने मंजुरी दिली आहे. पण सही तुमची लागेल, आणि ती माझ्यासाठी करू नका. तुमच्या मुलासाठीही नको. तुम्हाला पटलं तर करा.

मला भीती वाटतेय. गेले तीन महिने मी नुसती उड्या मारतेय, पण कुपी डब्यात ठेवल्यावर झाकण तीनदा उघडून पाहिलं.

तुमची सून


२८ जून

आई,

फेज देऊन झाल्यावरची पहिली प्लेट कोरी आली!

कोरी म्हटल्यावर मी काय केलं असेल? आनंद नंतर. आधी ताईंना फोन. "खरं सांगा, आईंनी पाय धुतला होता का?" ताई म्हणाल्या, "अगं, ती अजून इस्पितळातच आहे, स्वॅब सर्जननी स्वतः आतून घेतला, तिला हातसुद्धा लावू दिला नाही." मग मी दुसरी प्लेट पाहिली. तिसरी पाहिली. तिन्ही कोऱ्या. ताप नाही. पू नाही. सर्जननी मॅडमना कळवलं की पाय काढण्याचा विषय बंद, यापुढे दर तीन महिन्यांनी तपासत राहायचं. गुडघा जेमतेम वाकतो, काठी लागणार, हे ताईंनी सांगितलं. लागू दे काठी. काठी घेऊन तुम्ही आणखीनच धाक घालाल.

तुमच्या मुलाने प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे... नाही, त्याने सगळ्यांना बटाट्याच्या वेफर्सची पाकिटं वाटली, कारण वाटेत तेवढंच दुकान उघडं होतं. मॅडमनी ती हातमोजे काढून खाल्ली. मी पण.

हे सगळं तुम्हाला लिहायला बसणार, इतक्यात दुपारी डबा आला. बर्फाचा, तुमच्या इस्पितळातून. मला वाटलं, तुमचाच आणखी एखादा नमुना. उघडला तर आत परक्या नावाची नळी, सर्जनांचं रीतसर पत्र, आणि त्याला टाचलेली एक चिठ्ठी. अक्षर तुमचं. ताईंचं नाही, तुमचं.

"शेजारच्या खाटेवरची आहे. कपडे शिवते. उजवा हात काढायचा म्हणतात. दोन दिवस मी कुणाला तो धुऊ दिला नाही. घाई कर."

आई, ही चिठ्ठी मी किती वेळा वाचली ते विचारू नका. लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही माझ्याशी सरळ बोलला नाहीत. मी समोर उभी असायची आणि तुम्ही मुलाला सांगायच्या, "तिला सांग, दूध उतू जातंय." पाहुण्यांसमोर, "तिने बसून घ्यावं." मी मनात म्हणायची, एकदा तरी मला तू म्हणा. शिवी द्या, पण मला द्या.

घाई कर.

करते, आई. हातमोजे चढवलेत.